पडीक जमीन पाहिजे

कावेरीच्या कालव्यांनी ज्या मुलखातली मूठभर मातीही कोरडी ठेवलेली नाही, त्या मुलखाकडे सरकारनं पडीक जमीन मागितली. दोन हजार पाच सालचा उन्हाळा होता. मोगली एरंड लावायचा, त्याच्या बियांचं तेल काढायचं, तेलाचं डिझेल करायचं आणि आखाती देशांना वाकुल्या दाखवायच्या, असा बेत वर कुठंतरी शिजला होता. बेत ऐकायला वाईट नव्हता. पण शिजवणाऱ्यांनी सगळ्या जिल्ह्यांना एकाच पळीनं वाढलं, आणि कोरड्या माळांकडे जशी पडीक जमीन मागितली तशीच ती तंजावूरच्या भातखाचरांकडेही मागितली.

सुप्रभा शेतकी खात्यात सहायक संचालक होती. हे फर्मान वाचून दाखवलं गेलं त्या बैठकीत तिनं हात वर केला.

"आपल्याकडे पडीक नाही, सर. जे आहे ते भाताखाली, नाहीतर नारळाखाली. आणि काट्टामणक्कुला पाणी सोसत नाही. ऐप्पसी महिन्याच्या पावसात इथं गुडघाभर पाणी उभं राहतं. मुळं कुजतील."

काट्टामणक्कु हे मोगली एरंडाचं, म्हणजे जट्रोफाचं, तिथलं नाव. त्या भागात कुंपणाला तो सगळीकडे असतो, कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. यापलीकडे त्याचं कौतुक तिथं कुणी कधी केलं नव्हतं.

तिचे वरिष्ठ नटराजनसाहेब चहात बिस्कीट बुडवत होते. ते बुडवून, खाऊन, बोटं पुसून म्हणाले, "सुप्रभा, 'नाही' हे उत्तर त्यांच्या कम्प्यूटरमध्ये बसत नाही. पडीक नसेल तर पडीक शोधा. सापडली नाही तर सापडवा."

सगळे हसले. सुप्रभाला त्या हसण्याची किळस आली, पण चहा तिनंही प्यायला. सरकारी नोकरीत किळस गिळायची सवय पहिल्या दोन वर्षांतच लागते.

मग पडीक जमीन सापडायला लागली. युक्ती सोपी होती. जिथं भात पिकत नाही ते सगळं पडीक. स्मशानाच्या कडेची जागा पडीक, गुरांचं कुरण पडीक, एका शाळेचं मैदान पडीक. या यादीत ओरत्तनाडूच्या पलीकडच्या इलुप्पंचेरी गावाचा तोप्पु येऊन बसला, आणि तिथं सुप्रभाच्या हातातला कप थांबला.

तोप्पु म्हणजे राई. ही राई इलुप्पैची होती, आणि इलुप्पै म्हणजे आपला मोह. महाराष्ट्रात मोह म्हटलं की लोकांना दारू आठवते. कावेरीकाठी त्याची ओळख दिव्यानं होते. त्याच्या बियांचं तेल घट्ट, पिवळं, आणि ज्योत अशी शांत की वाऱ्याच्या झुळकीला भीक घालत नाही. मराठी राजांच्या वेळी गावच्या अय्यनारच्या, म्हणजे वेशीवरच्या राखणदार देवाच्या, दिव्यासाठी ती राई सोडलेली, आणि तिची देखरेख सुप्रभाच्या घराण्याकडे. राजे गेले, इंग्रज आले, तेही गेले, पण राई आणि देखरेख दोन्ही राहिली. सारा माफ होता म्हणून सरकारी दप्तरात तिच्या नावावर कधी पैचं उत्पन्न लागलं नाही. आता ज्याचं उत्पन्न नाही ते पडीक ठरलं.

म्हणजे तेलाची झाडं तोडून तेलाची झाडं लावायची! सुप्रभानं हे वाक्य मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं.

इलुप्पंचेरीत या झाडांवर कुणी चढत नसे आणि कुणी ती हलवतही नसे. आडी महिना जवळ आला की मोठाली वटवाघळं रात्रभर फळांचा गर खात आणि बिया खाली टाकत. सकाळी बायका टोपल्या घेऊन जात. वटवाघळं बिथरू नयेत म्हणून गावात दिवाळीलाही फटाका वाजत नसे, लग्नातही नाही. तेल पहिलं अय्यनारला, मग सुप्रभाच्या वडिलांच्या हातून घरटी एकेक माप. पेंड उरे तिनं बायका केस धूत. या सगळ्यात सरकारचा काडीचाही हात नव्हता, आणि म्हणूनच ते सुरळीत चाललं होतं.

सुप्रभाचे वडील सीतारामराव, घरात अप्पा, गावात रायर. तमिळ माणसं मराठी घराण्यांना आदरानं रायरच म्हणतात. शाळेच्या हेडमास्तरकीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पत्नी गेल्यावर ते आणि सुप्रभा असे दोघंच तंजावूरच्या मेलवीधी या गल्लीतल्या घरात राहत. गावाचा त्यांच्यावर विश्वास असा, की रायर म्हणाले म्हणजे झालं.

अप्पांची एकच खोड होती, मराठी. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. भाषा सगळी कानानं आलेली, आईच्या तोंडून. ती बोलायला माणसं कमी होत चालली होती. चेन्नईची नातवंडं मराठीत विचारलेल्याला तमिळमध्ये उत्तर देत. म्हणून मोठ्या देवळाच्या आवारात कुणी यात्रेकरू मराठीत भांडताना जरी ऐकू आला, तरी अप्पा त्याला धरून जेवायला घरी आणत. पोस्टातला बदली होऊन आलेला सोलापूरचा कारकून झाला, पादत्राणांची कंपनी काढायला आलेला कोल्हापूरचा माणूस झाला. सुप्रभा यावरून त्यांची थट्टा करी. "अप्पा, उद्यां मराठी बोलणारा चोर आला तरी तुम्ही पानावर बसवाल."

आणि आला. त्याचं नाव पारसनीस. पुण्याच्या 'हरितस्नेह' नावाच्या कंपनीचा सल्लागार. रोपं पुरवायची, लावायची आणि त्याबद्दलचं अनुदान घ्यायचं, हे काम कंपनीला मिळालं होतं. खादीचा झब्बा, गळ्यात कॅमेरा, तोंडात साखर. पडीक जमिनींची यादी नटराजनसाहेबांकडून घेऊन तो थेट मेलवीधीत पोचला, कारण राईचे विश्वस्त म्हणून अप्पांची संमती लागणार होती.

"यावें, यावें!" अप्पा दारातच उभे राहिले. "आमचे घरीं मराठी बोलणारा मनुष्य येऊन किती काळ झाला म्हणून सांगूं! जेवल्याविना जाऊं देणार नाहीं."

"अहो काका," पारसनीस टाळी देत म्हणाला, "तुमचं मराठी म्हणजे चालतीबोलती बखर! हे रेकॉर्ड करून ठेवायला पाहिजे हो."

अप्पा लाजले, फुलले. सुप्रभाला मात्र वाटलं, हा माणूस आपल्याकडे संग्रहालयातल्या भांड्याकडे बघावं तसा बघतोय. तिनं केळीचं पान मांडलं. सांबार, केळफुलाची भाजी, पच्चडी, पुरणपोळी. पारसनीस मागून मागून जेवला आणि जेवता जेवता योजना समजावत गेला. देशाचं परकीय चलन, गावाला रोजगार, धूर नाही, प्रदूषण नाही. मोहाच्या झाडांमध्ये मोकळी जागा कितीतरी आहे. त्या जागेत मोगली एरंड लावू. दोन्हींचं तेल गावालाच.

"झाडांस काय करणार?" अप्पांनी विचारलं.

"एका फांदीलाही धक्का लागणार नाही, काका. शब्द देतो."

अप्पा उठले, देवघरात गेले आणि ताटात विड्याची पानं, सुपारी, हळकुंड आणि नारळ घेऊन आले. त्या मुलखात लग्न ठरतं ते या तांबुलानं, घराचा सौदा ठरतो तो या तांबुलानं. एकदा ते दोन्ही हातांनी घेतलं की शब्द बांधला गेला. घेणारा ते डोळ्यांना लावतो, घरी नेतो, देवापुढं ठेवतो. मोडलं तर माणूस जातीतून उठतो असं नाही, पण त्याच्या ओसरीवर पुन्हा कुणी बसत नाही.

पारसनीसनं ताट दोन्ही हातांनी घेतलं, नारळ बाजूला ठेवला, पान उचललं, सुपारी टाकली, घडी घातली आणि तोंडात कोंबलं. "वा! फर्स्ट क्लास. चुना नाही का हो?"

सुप्रभाच्या अंगावर काटा आला. तिनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा क्षणभर थबकले, मग हसून चुन्याची डबी आणायला गेले.

तो गेल्यावर ती म्हणाली, "अप्पा, त्यानें तांबूल चघळलें."

"त्यांकडे पद्धत वेगळी असेल. वाक्कु तो वाक्कु. शब्द दिला कीं नाहीं?"

"तुम्ही त्या मनुष्यास ओळखत नाहीं."

"आपला मनुष्य तो. आपले भाषेंत बोलिला."

"भाषेंत बोलिला म्हणून खरें बोलिला कां?"

अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं देवघरात चप्पल घालून पाऊल टाकलं. "सुप्रभा, ह्या भाषेंत खोटें बोलायास मनुष्यास लाज वाटेल."

यात अप्पांचा भोळेपणा होता असं म्हणून सोडून देता येईल, पण ते खरं नाही. तंजावूरच्या मराठी माणसाचं आयुष्यच तसं वाटलेलं असतं. बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी, घरात मराठी. अप्पांनी जन्मात कधी मराठीत भाजीचा भाव केला नव्हता. मराठीत लाच मागितलेली त्यांनी ऐकली नव्हती, मतं मागितलेली ऐकली नव्हती, कुणी मराठीत टोपी घातल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. त्यांच्यापुरती ती भाषा आईची, बायकोची आणि स्तोत्रांची होती. ज्या मुलखात मराठीत रोज लाखो थापा मारल्या जातात तो त्यांनी पाहिलेलाच नव्हता. सुप्रभानं दोनदा पुण्याला प्रशिक्षण घेतलं होतं, तिला माहीत होतं. पण म्हाताऱ्या बापाला हे सांगणार कसं?

अप्पांनी संमती दिली. मग ते टाऊन बसनं ओरत्तनाडूला आणि तिथून पुढं इलुप्पंचेरीला गेले, आणि अय्यनारसमोर गाव गोळा करून सगळं सांगितलं. सुप्रभा बरोबर होती. बिया वेचणाऱ्या बायकांत सगळ्यात थोरली पेरियनायगी. तिनं एवढंच विचारलं, "झाडांना हात लावणार नाहीत ना, रायर?"

"माझा शब्द," अप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून ती राई म्हणजे अप्पांचा शब्द झाली. झाडं राहिली तर शब्द राहणार, पडली तर पडणार. सुप्रभाला रात्री झोप येईना. एक गोष्ट अजून तिच्या हातात होती. जमीन मोगली एरंडाला योग्य आहे असा दाखला शेतकी खात्यानं द्यायचा होता, आणि तो तिच्या सहीचा होता. तिनं सही केली नाही. पाणी साचतं, सावली आहे, तेलाची झाडं आधीच उभी आहेत, असं सविस्तर लिहून कागद वर पाठवला.

नटराजनसाहेबांनी तो वाचला आणि त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "तू फार मनाला लावून घेतेस. तुझी सही हवीच असं कुठं आहे? कंपनीकडे त्यांचा तज्ज्ञ आहे, तो दाखला देईल."

"म्हणजे रोपं विकणाराच सांगणार, जमीन योग्य आहे?"

"योजनेत खाजगी भागीदारी आहे ना," साहेब म्हणाले. नव्या जमान्याचे हे शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर तीर्थ घेतल्यासारखा भाव आला.

मग सुप्रभा आपल्या मोपेडवरून खाती पालथी घालत फिरली. महसूलवाले म्हणाले, जमीन आमची, झाडं आमची नव्हेत. वनखात्यातला माणूस म्हणाला, हे काही जंगल नव्हे, आमच्या हद्दीत येत नाही. देवस्थानवाल्यांच्या यादीत अय्यनारच नव्हता. ग्रामविकासवाले म्हणाले, आम्ही फक्त पैसे वाटतो. आणि तेल? बिया कुठं घेणार, कोण घेणार? तेल कंपनीनं भाव जाहीर केलाय, एवढंच सगळ्यांना ठाऊक. खरेदीचं केंद्र जिल्ह्यात नव्हतं, शेजारच्या जिल्ह्यात नव्हतं, गाळायचा कारखाना तर कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. रोप लावल्याबद्दल अनुदान होतं. रोप जगल्याबद्दल नव्हतं, फळल्याबद्दल नव्हतं. ज्यानं हे नियम लिहिले तो एकतर मूर्ख असावा नाहीतर फार हुशार, आणि सुप्रभाला दिवसेंदिवस दुसरंच खरं वाटायला लागलं. घरी येऊन ती हात धुवायची, पुन्हा धुवायची. त्या टेबलांची, त्या पंख्यांची, त्या 'पाहू', 'करू', 'वर विचारू' यांची शिसारी हातांना चिकटल्यासारखी वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात, चित्तिरै महिन्यातल्या एका सकाळी कचेरीत फोन आला. इलुप्पंचेरीतून कुणीतरी एवढंच ओरडलं, "अम्मा, करवत आलीय!"

ती घरी गेली, अप्पांना मागं बसवलं आणि मोपेड हाकली. गावाच्या वेशीवरच कळलं. भर उन्हात आभाळ काळं झालं होतं; वटवाघळं उठली होती आणि कुठं बसावं ते न कळून नारळांवर आपटत होती. रस्ताभर लॉऱ्या उभ्या होत्या. इलुप्पैचं लाकूड टणक, पाण्यात न कुजणारं, लाकूडबाजारात त्याला केवढी मागणी! योजनेचा खरा रस कशात होता ते त्या लॉऱ्या बघून शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अर्धी राई आडवी झाली होती. इलुप्पैच्या सालीला जखम झाली की पांढरा चीक येतो. सगळ्या बुंध्यांमधून तो ओघळत होता, त्यावर माशा बसत होत्या, आणि फुलांचा गोड वास उन्हात आंबून नाकात जात होता. सुप्रभा कालव्याच्या कडेला गेली आणि ओकली.

पारसनीस छत्रीखाली उभा होता. अप्पा त्याच्यासमोर जाऊन थांबले. त्यांचा श्वास लागला होता.

"तुम्ही वाक्कु दिलांत."

"काका, तुम्ही कशाला उन्हात आलात? अहो, टेक्निकल कमिटीनं पॉइंट काढला. सावलीत जट्रोफा होत नाही. प्रोजेक्टमध्ये थोडं फ्लेक्झिबल राहावं लागतं."

"तांबूल घेतलांत. दोन्ही हातें घेतलांत."

पारसनीसला पहिल्यांदा खरोखर समजलं नाही. मग समजलं आणि तो मोकळेपणानं हसला. "पान? काका, ते जेवणानंतरचं पान हो!"

अप्पांच्या शेजारी पेरियनायगी उभी होती. तिला मराठी कळत नव्हती, पण तो हसला एवढं तिनं पाहिलं होतं. ती अप्पांना म्हणाली, "रायर, त्यानं तुम्हाला फसवलं हे आम्हाला दिसतं. पण आम्हाला तुम्ही सांगितलं होतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर अप्पांना परवडला असता. ते तिथंच एका बुंध्यावर बसले, चीक धोतराला लागला, आणि संध्याकाळपर्यंत करवत चालू राहिली. सुप्रभानं पोलिसांना फोन केला तर त्यांनी विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? विश्वस्तांची संमती होती. विश्वस्त तिचे वडील होते.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मांडव पडला, फीत कापली गेली, 'हरित इंधन' अशी पाटी लागली, रोपं लागली. ऐप्पसीत पाणी भरलं, आणि कार्तिगै महिना उजाडायच्या आत रोपं काळी पडून कुजली. तपासणीला पथक आलं, त्यांनी खड्डे मोजले. खड्डे होते. अहवालात 'उद्दिष्ट पूर्ण' असं गेलं, आणि नटराजनसाहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. कार्तिगैच्या दिव्यांच्या सणाला इलुप्पंचेरीच्या उंबऱ्यांवर दिवे लागले ते दुकानातल्या पामतेलाचे, मलेशियाहून जहाजानं आलेल्या. बाहेरचं तेल देशात येऊ नये म्हणून चाललेल्या खटाटोपात, ज्या गावानं कधी बाहेरचं तेल पाहिलं नव्हतं त्याला ते विकत घ्यायला लावलं! सुप्रभानं हे वाक्य अहवालाच्या मसुद्यात घातलं. वर जाताना ते गळलं.

अप्पा पुन्हा गावाला गेले नाहीत. गावानंही बोलावलं नाही. बोलवायला काम उरलं नव्हतं. घरात ते कमी बोलत, पण बोलत ते मराठीतच, आणि सुप्रभानं त्यावर समाधान मानलं. देवळाच्या आवारात मराठी ऐकू आली की मात्र ते वळून दुसऱ्या दारानं बाहेर पडत.

दोन हजार नऊ साली नवं फर्मान आलं. मोगली एरंडाबाबत अपेक्षित फळ न मिळाल्यानं आता देशी तेलवृक्षांवर भर द्यावा. करंज, मोह वगैरे. जुन्या राया शोधाव्यात, त्यांतली उत्तम झाडं बियाण्यासाठी निवडावीत. सुप्रभानं तो कागद टेबलावर ठेवला. तिला संताप यायला हवा होता, पण आला तो नुसता वीट. या लोकांना चुकल्याचं दुःख नव्हतं, कारण चुकण्याचंही त्यांना अनुदान होतं.

त्याच आठवड्यात रविवारी दारात गाडी थांबली. पारसनीस उतरला. पोट सुटलं होतं, कंपनीचं नाव बदललं होतं, कॅमेरा नवा होता. अप्पा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"काका, नमस्कार! ओळखलंत ना? तुमच्या हातची, म्हणजे तुमच्या घरची पुरणपोळी अजून जिभेवर आहे हो." तो न सांगता खुर्चीत बसला. "आता अगदी तुमच्या मनासारखी योजना आली आहे. देशी झाडं! मोह! मला एकदम तुमची आठवण झाली. तुमच्या देखरेखीखाली एक जुनी राई होती ना, ओरत्तनाडूकडे? आख्ख्या जिल्ह्यात तशी मातृवृक्षांची जागा नसेल. दाखवायला चला ना आज."

सुप्रभा आतून बाहेर आली ती दारातच खिळली. तिला वाटलं होतं की हा माणूस निर्लज्ज आहे. तो निर्लज्ज नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. इतक्या जिल्ह्यांतून इतक्या राया त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, की ही कुठली ते त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. लाज नसलेला माणूस तिनं पुष्कळदा पाहिला होता. ही घाण त्याहून वेगळी होती, आणि तिला तिथंच त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं.

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढला. पारसनीसच्या तोंडाकडे, त्यातून येणाऱ्या मराठीकडे ते शांतपणे पाहत राहिले, आणि मग स्वच्छ तमिळमध्ये म्हणाले, "एनक्कु मराट्टि तेरियादु."

पारसनीस गोंधळून सुप्रभाकडे वळला. "काय म्हणाले?"

"मराठी येत नाहीं म्हणतात."

"अहो, पण मागं तर किती छान बोलत होते!"

"मागें येत होती," सुप्रभा म्हणाली. "आतां निघावें तुम्ही."

तो गेला. जाताना गाडीच्या खिडकीतून घराचा एक फोटो काढून गेला. सुप्रभानं दार लावलं, हात धुतले आणि पानं मांडली.

"अप्पा, यावें जेवायास," तिनं हाक मारली.

"वरेन मा," अप्पा म्हणाले. येतो, बाळ, असं, पण तमिळमध्ये.

तिला वाटलं, तोंडातून निघून गेलं असेल. ताक वाढताना तिनं मुद्दाम मराठीत विचारलं, आणखी घालूं कां. अप्पांनी मान खाली घालून तमिळमध्ये पुरे म्हटलं. संध्याकाळी तिनं पुन्हा विचारून पाहिलं, औषध घेतलें कां, खिडकी लावूं कां, उद्यां भाजी कोणती करूं. प्रत्येक प्रश्न त्यांना कळत होता, प्रत्येकाचं उत्तर ते देत होते, प्रेमानं देत होते. आई गेली त्या दिवशीही तिला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

अप्पा त्यानंतर बरेच जगले. मराठीत ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, सुप्रभाशीही नाही.